सातव्या सपोर्टाची पत्री

विजयमाला : तो डबा उघडून तं पाहा, सादिकभाऊ. अर्धा घंटा झाला, नुसता मांडीवर घेऊन बसले तुमी.

सादिक : काय पाहू, वहिनी? वीस वर्षं हाच डबा पाह्यला. एक एमएमची लोखंडी पत्री, दोनची, पाचची. हरेकीवर जानरावनं ठोकलेला आकडा. माह्या पत्र्या कुठीही पडून राहत. मले म्हणे, साद्या, तुह्या पत्र्या म्हणजे बिनधन्याची ढोरं.

विजयमाला : घेऊन जा तुमी. विकासले नाही पाहिजे.

सादिक : काहून? आयटीआयचं शेवटचं वर्ष हाय नं त्याचं? बापासारखा फिटरच होणार होता तो.

विजयमाला : सोडलं त्यानं. शेलूबाजारले मोबाइलच्या दुकानात बसते. मिलवाल्यायच्या चौकशीच्या कागदावर लिहेल हाय, जानराव फिटरनं पायपाच्या सपोर्टची पत्री चुकीची वेल्ड केली म्हणून वाफेची लाइन फाटली. पोरानं तो कागद दहा खेपा वाचला. मले म्हणे, आई, बाबाले त्याईचंच काम नाही समजलं, मी कोणाच्या भरोशावर शिकू? फोटोले हार बी घालत नाही.

सादिक : असं म्हणाला तो?

विजयमाला : हे गेले, ते दुःख मी सोसलं. हे नाही सोसवत. चहा घ्या, थंडा होऊन राह्यला.

सादिक : राहू द्या, वहिनी.

विजयमाला : मंग मले एक सांगा. हे जेवता जेवता मले काम शिकवत. ताट म्हणजे लोखंडी बीम, वाटी म्हणजे पायपाखालचा शू. मधात फट राह्यली तं पत्री सारायची. पण ती ताटाले चिकटवायची, वाटीले नाही. पाइप तापला का लांबते, वाटी सरकली पाहिजे, नाही तं पाइप फाटते. खरं नं?

सादिक : खरं.

विजयमाला : स्प्रिंगवाल्या सपोर्टाची पत्री बुडाखाली, स्प्रिंगीत नाही. वरून लटकत्या सपोर्टाले पत्री लागतच नाही, नट फिरवला का झालं.

सादिक : तुमाले तं समदंच पाठ हाय.

विजयमाला : ज्याच्या बायकोले बी हे पाठ हाय, त्या माणसानं सातव्या सपोर्टाची पत्री खालून-वरून दोन्हीकून कशी वेल्ड केली?

(सादिक डबा खाली ठेवतो.)

सादिक : त्यानं नाही केली. मी केली.

विजयमाला : बोला.

सादिक : सीझन तोंडावर आला होता, मिल चालू करायची घाई. सातवा शू वाजे. पत्री खालून टाचली तरी वाजे. सुपरवायझर डोक्यावर उभा. मी म्हटलं, आता वरून बी वेल्डचे दोन टाके मारतो, उद्या काढून टाकतो. मंग उद्या राहून गेलं. जानराव त्या दिवशी कामावर नव्हता.

विजयमाला : माह्यासंगं किन्हीराजाले होते. भाचीच्या लग्नात.

सादिक : म्हणजे तुमाले...

विजयमाला : पुढं सांगा.

सादिक : वाफ सोडली त्या सकाळी तो कॅलेंडरचा कागद घेऊन फिरत होता. हरेक शूखाली कागद सारून पाहे, भार बसला का नाही. सातव्यापाशी वाकला अन् त्याले टाके दिसले. माह्याकडे पाह्यलं. शिवी नाही दिली, वहिनी. 'साद्या, दूर हो,' इतकंच म्हणाला. मी झालो दूर. त्याले होता नाही आलं. चौकशीत साहेबायनं विचारलं, ती लाइन कोणाची? लोकायनं जानराव म्हटलं. मी खाली मान घालून उभा. माह्या पोरीचं, नाजियाचं लग्न ठरेल होतं... नाही. ते कारण नाही. मी भ्यालो.

विजयमाला : मले मालूम होतं.

सादिक : कधीपासून?

विजयमाला : दवाखान्यात तीन दिवस होते नं हे. दुसऱ्या दिवशी बोलले. म्हणे, टाके साद्याचे हायेत, इतके जाडे टाके माह्या हातचे नसतात. अन् म्हणे, तू त्याले विचारू नोको. तो स्वतःहून येईल सांगाले.

सादिक : अन् तुमी चूप राह्यल्या? पोरगा असा बोलत असून?

विजयमाला : माह्यं त्यानं ऐकलं नसतं. आई बाबाची बाजू घेते, म्हणाला असता. तेरवीले तुमी आले, मले वाटलं, आज बोलतीन. जेवून गेले. लय राग आला होता तुमचा. अजून हाय.

सादिक : मी मिलमधी लिहून देतो. उद्याच जातो.

विजयमाला : उद्याचं नोका सांगू, भाऊ. तुमचं उद्या राहून जाते. विकास सहाच्या जीपनं येते. तोवर बसा, मी चहा गरम करून आणते.