समोरच्या दारावर पहारा

मी एवढी बावळट, का एका माणसाचा मोबाईल कोर्टानं बंद केला, तं मले वाटलं साऱ्या जगाचाच बंद झाला. हसा, हसा, मीबी हसते.

जन्म माहा भिवापूरचा, मिरचीतलाच म्हणा नं. लग्न होऊन नागपुरात आली तं इथंबी तेच, व्यापाऱ्याकडून वाळल्या मिरचीचं पोतं आणायचं अन् बायाबायांनी बसून देठ तोडायचे. तं आमच्या घरासमोर एक माणूस राहे. लहान पोरीले फोनवरून फसवलं म्हणून सजा झालेला. अपील चालू होती, जमानतीवर सुटून आला, अन् कोर्टानं शर्त घातली का मोबाईल, इंटरनेट हातात धरायचं नाही.

मी काय केलं, देठ तोडायची बैठकच मागच्या अंगणातून उचलून ओसरीत आणली, साऱ्यांची तोंडं त्याच्या दाराकडे. त्याच्या हातात साबणाची वडी दिसली तरी मी उठून उभी. शेजारची कमल म्हणे, मावशे, साबण होय तो, घासू दे त्याले. मी म्हणो, घासून राहिला का बोट फिरवून राहिला, ते तं पाहू दे.

माही नात प्राची तवा सातवीत. मायबाप कामाले जात, पोट्टी माह्याजवळ. मिरचीचा ठसका लागे तिले, म्हणून मीच तिले आतल्या खोलीत बसवो, हातात माहा मोबाईल देओ, जा बाई खेळ, त्याच्याजवळ तं आता फोन नाही, भेव कायचं.

खेळातच तिले एक मैत्रीण भेटली. मैत्रीण कायची, बाप्या होता, दूरच्या शहरातला, घरी लेकरंबाळं असलेला. आधी गोड बोलला, मंग फोटो मागितले, मंग धमक्या, तुह्या बापाले सांगतो म्हणून. पोट्टीनं जेवण सोडलं, शाळा सोडली, अन् मी शहाणी म्हणो ऊन लागलं, कांदा ठेव उशाशी. शेवटी सुनेनं मोबाईल पाहिला तवा समजलं. पोलिसांनी त्याले हुडकून काढला, तवा तिथल्या म्याडमले मी विचारलं, याच्यावर नव्हती का वं बंदी? त्या म्हणे, आजी, याच्यावर कधी तक्रारच नव्हती, बंदी कोण घालन?

काय सांगू तुमाले. समोरच्याच्या हातात फोन नसलेलाच बरा, मी अजूनबी तेच म्हणते. पण त्याच्या बंदीत आमचं घर राखलं गेलं, असं समजून मी बसली नं.

प्राची आता दहावीत हाये. शाळेत जाते, पण फोन वाजला का दचकते. परवा तिचे केस विंचरता विंचरता मी म्हटलं, बाई, त्या मेल्याशी एवढं काहून बोले वं तू? तिनं माह्या हातातली फणी काढून घेतली. मंग म्हणे, आजी, तो मले रोज विचारे, जेवली का. तू रोज शाळेतून आल्या आल्या विचारे, समोरचा काका बाहेर दिसला का.