टाकी ईशान्येलाच

माझं डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून आधी हे ऐका. बाळकुमला एका टॉवरच्या जागेवर मी खडक तपासत होते. रडारचं यंत्र जमिनीवरून ओढत नेलं की खालच्या भेगा स्क्रीनवर दिसतात. पाण्याची टाकी जिथे खोदणार होते, तिथूनच एक मोठी भेग थेट शेजारच्या चाळीखाली गेलेली.

"टाकी दुसऱ्या कोपऱ्यात घ्या," मी साइट इंजिनियरला सांगितलं. "इथे खोदलंत तर चाळ खचेल."

"मॅडम, टाकी ईशान्येलाच. वास्तुवाल्या गुरुजींनी सांगितलंय."

"अहो, खाली खडक फुटलाय!"

त्याने तिथूनच गुरुजींना फोन लावला आणि शांतपणे मला म्हणाला, "भेगेत तांब्याची पट्टी बसवू. तुम्ही रिपोर्टमध्ये 'उपाय केला' एवढं लिहा."

परदेशातून शिकून मी परत आले ते यासाठी? सही न करता मी यंत्र उचललं.

गेटवर चाळीतल्या सुमनमावशी काळजीने उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं, तसा त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं, त्याला खडक कशाला सांगत बसलीस? तिथे पूर्वी स्मशान होतं म्हणायचंस. टाकी आत्ताच्या आत्ता हलली असती!"