एकटीच, तरी धाकली

हॅलो?

…हो, हा भिकुबाईंचाच नंबर. नाही, त्या नाहीत. …नाही हो, बाहेर नाही गेल्या. वारल्या. मी त्यांची मुलगी, हेमलता. आपण?

…कुठून? धुळ्याहून?

…थांबा मॅडम, आवाज तुटतोय. शिरपूरला आहे मी, आईच्या घरी. खाली रेंज नसते, गच्चीवर जाते. ठेवू नका हं. …हॅलो? आहात ना?

हं, आता बोला. कोणती संस्था म्हणालात? …हो. माहीत आहे. म्हणजे आत्ता आत्ता माहीत झालं. दहाव्याला झिपरूमामानं सांगितलं. आईचा भाऊ. हा नंबर त्यानंच दिला ना? …वाटलंच. तेव्हा आईला तुमच्याकडे घेऊन जाणाराही तोच.

…काय विचारायचं होतं आईला?

…भेटायला तयार आहे का? कोणाला?

…परत सांगा.

…आत्ता? तुमच्या समोर बसलीय?

…नाही, आहे मी. बोलतेय. …आई आजारी होती का? छे हो. आदल्या दिवशी इथे, या गच्चीवर बिबडे टाकत होती, ज्वारीचे पापड. मला मुद्दाम बोलावलं जळगावहून. पहिल्या बसनं आले, तर हिनं ज्वारीचं पीठ शिजवून तयार ठेवलेलं. खाटेवर ओली साडी पसरली, आणि मग दुपारपर्यंत माझ्या नावानं ओरडा. पातळ टाक, कडा जाड करू नको, नोकरीत हात बिघडले तुझे. शेवभाजी केली, डोळ्यांतून पाणी येईल अशी. संध्याकाळी मला बसमध्ये बसवलं, खिडकीशी उभी राहिली. सकाळी शेजारच्या सुनिताचा फोन.

…हो. असू द्या. तिला सांगितलंत, आई गेल्याचं? …बरं.

…म्हणजे? विषय बंद कसा?

…आईची संमती लागते, कळलं. आईच नाही, तर ती मी कुठून आणू? …मॅडम, ऐका ना… नाही, तुम्ही ऐका. मी बहीण आहे तिची. …पुरावा? मामाचा पत्ता तुम्हीच शोधलात, नंबर तुम्हीच लावलात, आणि आता पुरावा मी द्यायचा?

…आवाज नाही चढवत. बरं. हळू बोलते.

…आईनं काय केलं म्हणालात? समर्पण?

तो शब्द नका हो वापरू. तो तुमचा शब्द आहे. …अंगठा दिला असेल, हो. वाचूनही दाखवलं असेल. ऑफिसच्या मराठीत. आई सातपुड्याच्या पायथ्याची, अहिराणीशिवाय दुसरं काही ऐकलेलं नाही. पहिला नवरा मूल पोटात असताना गेला, सासरच्यांनी माहेरी धाडलं. दुसरीकडे ठरलं, म्हणजे माझ्या वडिलांकडे, तर त्या घरात बाळ चालणार नव्हतं. मामा तिला बाळासकट धुळ्याला घेऊन गेला. तिथल्या बाई म्हणाल्या, ठेवून जा.

ठेवून जा. लक्षात येतंय का तुमच्या? आमच्याकडे मूल मामाकडे ठेवतात, आजीकडे ठेवतात. ठेवलेलं परत आणतात. तिनं घरी येऊन मामीला काय सांगितलं, माहितीय? ‘ठेवी उनू. कापूस सरना की लई येसू.’ ठेवून आले, कापूस सरला की घेऊन येईन.

…विचार बदलायला मुदत होती, हो, असेल. तिची मुदत कापसाची होती.

…आली होती ना! वेचणी सरल्यावर आली होती, तुमच्याच दारात. अंगडं-टोपडं घेऊन. …तुम्ही नव्हता तेव्हा, मान्य. तुम्हाला नाही बोलत. पण कुणीतरी तिला सांगितलं, चांगल्या घरी गेली, आता येत जाऊ नका. बस्स.

…हो, मी पण वाचलंय. मामानं सांगितल्यापासून तेच वाचतेय. दत्तक घेणाऱ्यांचं सापडतं, मुलांचं सापडतं. मूल सोडून रिकाम्या हातानं घरी येणाऱ्या बाईचं एक पान सापडेना. असेल कुठे तर सांगा.

…काय? तिची बस? …पाचची, नाशिकची. हं. …काय म्हणतेय ती? मागून काहीतरी बोलली. …नाही, मला ऐकू आलं बोलल्याचं. काय विचारतेय?

…‘टाकलं की दिलं.’

मॅडम, फोन द्या तिच्याकडे. …परत नियम. …बरं, बरं, नका देऊ. असं करा, स्पीकरवर टाका आणि टेबलावर ठेवा. मी तुमच्याशीच बोलतेय. तुमच्याशी बोलायला तर कुणाची संमती लागत नाही ना? …ठेवला?

तर मॅडम, तुम्हाला सांगते. मी आईची एकुलती. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. आणि घरात माझं नाव धाकली. ‘धाकली, इकडे ये वं.’ गल्लीतल्या बायका हसायच्या, एकटीच आहे, तरी धाकली कशी? शाळेत पोरींनी तेच. फार राग यायचा मला. मी स्वतःला त्या नावानं कधी म्हणवून घेतलं नाही. आईला विचारलं तर म्हणायची, धाकली ती धाकलीच, त्यात काय विचारणं.

आणि हे बिबडे. दर उन्हाळ्यात पहिला बिबडा बाजूला. हात लावला की मनगटावर चापट. ‘तो मोठीना शे.’ मोठीचा आहे. मी म्हणायचे, अगं, मोठी मीच की! ‘तू धाकली.’ संपलं. वाळला की वेगळ्या डब्यात. पाहुणा येवो, सण असो, तो तळायचा नाही. पुढच्या उन्हाळ्यात नवा झाला की जुना गाईला.

यंदाचा इथे आहे. जिन्यात, पत्र्याच्या डब्यात. परवा मी घर आवरत होते, हातात आला. मामानं सांगितलं नसतं, तर तळून खाल्ला असता.

…मॅडम? …हॅलो? काहीतरी बोला ना. रेंज गेली की काय…

…

हा तुमचा आवाज नाही.

…हो. …हो, ऐकतेय. …नको, नाव सांगू नकोस, मॅडमवर येईल ते. आमच्या घरात तुझं नाव आहेच. …नाही गं. टाकलं नाही. दिलंही नाही. ठेवलं होतं. …ठेवलं होतं, ठे-व-लं. …न्यायला आली होती ती. …हो, खरंच आली होती.

ऐक ना… ऐक, आवाज जातोय. ती नाशिकची बस जाऊ दे. धुळ्याहून शिरपूरला भरपूर गाड्या आहेत. मी स्टँडवर उभी राहते. …ओळखशील. आईसारखीच दिसते म्हणतात सगळे. …हॅलो? …काय? परत बोल…

…कोण बोलतेय म्हणजे? मी…

मी धाकली बोलतेय, अक्का.

…अक्का? …हॅलो?