पन्नास केबीत मावणारी भावजय

बिहारमधल्या समस्तीपूरला, लल्लनच्या ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या दुकानात मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे हनुवटीपर्यंत पदर ओढून सुनैना बसलेली, आणि भिंतीकडे तोंड करून तिचे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, बिंदेश्वरीबाबू. अंगणवाडीच्या नोकरीसाठी तिचा फॉर्म भरायचा होता आणि आज शेवटची तारीख.

“बाबू,” लल्लन म्हणाला, “फोटो फार मोठा आहे. पन्नास केबीच्या आत बसवावा लागेल. बाजूने कुठवर कापू, इकडे बघून सांगा.”

“मी नाही बघणार. धाकट्या भावाची बायको आहे ती. आमच्यात जेठानं तिचं तोंड बघायचं नसतं.”

“अहो, फोटो तुमच्याच फोनमधून घेतलाय ना!”

“आमच्या हिनं काढलाय. मी उघडलासुद्धा नाही.”

मला काही राहवेना. “बाबू, भिंतीवर कुठला सिनेमा लागलाय?”

“तुम्ही गप्प बसा हो!”

“लल्लनभैया,” पदराआडून आवाज आला, “त्यांना सांगा, सरकारनं माझं तोंड बघितलेलं चालतं, मग घरच्यांनी बघितलं तर काय बिघडलं? बघा म्हणावं.”

“ऐकलंत का बाबू?”

“बहिरा नाही मी.”

बाबू सावकाश वळले. कॉम्प्युटरवर पडदाभर सुनैनाचा चेहरा.

“अगं बाई... म्हणजे, अरे लल्लन... इतकी वर्षं हिच्या हातचं जेवतोय मी. ही अशी दिसते होय!”

“बघितलंत ना? आता लहान करतो, म्हणजे फॉर्म जाईल.”

“जरा थांब रे. एवढ्यात लहान नको करूस हिला.”