सतराचा पाढा

हृदयाच्या डॉक्टरांकडे नंबर यायची वाट बघत बसलेल्या शिंपीणकाकूंच्या शेजारी एक म्हातारं जोडपं होतं.

"अहो, चालताना दम किती लागतो विचारलं, तर काय सांगाल?"

"बेताचा."

"बेताचा म्हणजे? बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये, इतकाच लागू द्या म्हणालेत डॉक्टर."

"म्हणून तर चालताना बोलतोय ना रोज तुझ्याशी!"

"पहिले चार दिवस नुसते पाढे म्हणत होतात."

"मग काय बोलणार? चाळीस वर्षांत सवय होती का?"

"सतराच्या पाढ्याला धाप लागायची. मग मी हात धरून तुम्हाला हळू चालायला लावायची."

"आता ती कटकट मिटली. पोरगा मनगटावरचं घड्याळ पाठवतोय. छातीचे ठोके त्यातच दिसतात. तोंड उघडायलाच नको."

काकूंनी मान न वळवता कान टवकारले.

"नको ते घड्याळ."

"का गं?"

"काल तुमच्या आईचं सांगत होतात. टपालपेटीपाशी चढ लागला, तुम्हाला दम लागला, आणि गोष्ट अर्धीच राहिली."

आतून नंबर पुकारला. म्हातारबुवा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चल. पोराला कळव, घड्याळ तूच वापर म्हणावं. आणि उद्या तो चढ जरा हळू चढू."