आजोबांचं तिकीट

दुसऱ्याचं मराठी दुरुस्त करायची माझी खोड तुला माहीतच आहे. परवा तीच अंगाशी आली.

यंदा थीम पार्कला अगदी निवांत जायचं ठरवलं होतं. राइड्स दोनच, डबा घरचा, दुपारी धाकट्याची झोप. लॅपटॉपवर मी दोन मोठे, दोन लहान असं टाकलं, तर पाच वर्षांची सानू म्हणाली, "आणि आजोबाची तिकीट?"

मागच्या उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, इथे इंग्लंडमध्ये, रीडिंगला आले होते. पार्कात दिवसभर बाकावर आमचे कोट सांभाळत बसले होते. पुण्याला परतले आणि दिवाळीनंतर गेलेच.

म्हटलं, "सानू, आजोबा गेले ना गं."

"पण एअरपोर्टवर आजोबा म्हणाली, येतो."

"म्हणाली नाही, म्हणाले." सवयीने तोंडातून निघून गेलं.

"ओके. आजोबा म्हणाले, येतो. मग काढ ना तिकीट."

बायको उठून किचनमध्ये गेली.

खरं सांगू? एअरपोर्टवर अण्णा आधी म्हणाले होते, "चला, जातो." मीच त्यांना टोकलं होतं, "अण्णा, जातो काय? येतो म्हणा."