फाटकाचं दुसरं दार

...आणि वर मलाच विचारतात, "या वयात मोटरसायकल कशाला हो?" कशाला म्हणजे? माणूस मोटरसायकल कशाला घेतो? बसायला! शेहेचाळीस म्हणजे काय वय झालं का? नाही, तुम्हीच सांगा! गुडघा दुखतो, कबूल, पण तो वयामुळे नाही, मोटरसायकलमुळेच दुखतो, ते पुढे येईलच. आधी एक गोष्ट साफ करून टाकतो, कारण बाजारात काय, लोकांच्या जिभेला हाड नसतं... मी साडूवर जळून गाडी घेतली असं तुमच्या कानावर आलं असेल, तर ते सपशेल खोटं आहे. मी जळत नाही हं!

तुम्हाला सांगतो, माझं शिवणसामानाचं दुकान. बटणं, हुक, चेन, रिळं, अस्तर. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. घाऊकवाले मला पायरी चढताना बघतात आणि आधीच कपाळाला हात लावून बसतात. कारण माझी पद्धत एकच. माल हातात घ्यायचा, उजेडात धरायचा, आणि हळूच म्हणायचं, "हे काय?" बस्स! खोट असो नसो, समोरचा दचकतो. बघायला वाकतो. वाकला की भावही वाकतो! एकदा एकाकडे चेनचं खोकं उघडलंसुद्धा नव्हतं, नुसत्या खोक्याकडे बघून "हे काय" म्हटलं, तर बिचाऱ्यानं पाच टक्के सोडले. या दोन शब्दांवर दुकान उभं केलंय मी. आणि नेमके तेच दोन शब्द... थांबा, क्रमानं सांगतो.

माझ्या सासऱ्यांच्या घराला एक लोखंडी फाटक आहे. दोन दारांचं. एक दार रोज उघडतं, दुसऱ्याला खाली कडी असते, ती वाकून काढावी लागते. दर रविवारी आम्ही दोघंही जावई तिथे जेवायला. थोरले म्हणजे माझे साडू, विमा कंपनीत साहेब. त्यांची काळी मोटरसायकल. कोपऱ्यावर नुसतं डुग् डुग् डुग् ऐकू आलं, की सासरे पेपर टाकून उठतात. "मोठे जावई आले, मोठे जावई आले!" आणि ते स्वतः, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, खाली वाकून, कडी काढून, दोन्ही दारं उघडतात! आणि मी? मी बसनं उतरून, वीस मिनिटं चालून, फळांची पिशवी सांभाळत येतो, तर आतूनच आवाज येतो, "या धाकटे, कडी लावून घ्या मागे."

आता माणूस एका दारातून मावतो, हे मलाही कळतं हो! मी काही बैलगाडी नाही. पण वाकायचं कुणासाठी आणि ओरडायचं कुणासाठी, यात काही फरक आहे की नाही? साडूंचं हेल्मेट बैठकीत टेबलावर, पाहुणं आल्यासारखं. माझी छत्री न्हाणीत! आणि परतताना बसमध्ये ही खिडकीबाहेर बघत एकच वाक्य बोलते. "ताई घरी पोचलीसुद्धा असेल." बस्स. भांडली असती तर परवडलं असतं! पण मी जळत नाही हं. मी फक्त ठरवलं, की आपल्यासाठी ते दुसरं दार एकदा उघडायला लावायचंच.

बाजारामागे एक मिस्त्री आहे. तोंडात कायम स्क्रू. जेवतानाही काढत असेल असं वाटत नाही. त्याला म्हटलं, शिकवा. तो स्क्रूच्या फटीतून म्हणाला, "गुरुवारी या शेठ. गाडी माझी, तुटफूट तुमची." गुरुवारी बाजार बंद, मला सोयीचं. जुन्या गोदामामागे मोकळी जागा. गाडी काळी. पुढेमागे नंबरावर दोन भल्यामोठ्या शिकाऊ पाट्या, सीटवर गोणपाट. विचारलं, गाडी कुणाची? तर म्हणतो, "शेठ, तुम्ही समोर बघा."

समोर बघितलं! पहिल्या दिवशी क्लच सोडला तर गाडी गेली आणि मी तिथेच. इंडिकेटर गेला. "तुटफूट, शेठ." पुढच्या गुरुवारी विटांचा ढीग आडवा आला... विटा जागच्या हलत नाहीत, हे मान्य, पण मला तरी त्या चालत आल्यासारख्या वाटल्या. आरसा गेला. गुडघाही तेव्हाच. तिसऱ्या गुरुवारी, माझ्या कमरेला दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा असतो, तीन किल्ल्या, त्या टाकीवर घासल्या आणि तीन रेघा उमटल्या. अशा, शेजारी शेजारी, मापानं मारल्यासारख्या. मिस्त्रीनं रेघांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुटफूट." 'शेठ'सुद्धा म्हणाला नाही!

मग डॉक्टर. मग हेल्मेट, त्यात माझं डोकं मोठं, त्या मापाचे जास्त पैसे. मग दोन विजारी, कारण पहिल्या दोन्ही एकाच गुडघ्यावर फाटल्या. मग परवाना. तिथला परीक्षक म्हणाला, "आठचा आकडा काढा." मी काढला. तो म्हणाला, "हा तीनचा आहे." परत फी! आणि अजून गाडी घेतलेली नाही बरं का! नुसत्या शिकण्याच्या पैशांत मी हिला तीन वर्षं बसनं पहिल्या बाकावर बसवून फिरवलं असतं.

आणि मग तो रविवार आला. जेवणं झाली, साडू अंगणात सगळ्यांना जमवून उभे. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी! "बघा ना बाबा," सासऱ्यांना सांगतायत, "लेकरासारखी जपतो मी गाडी. दर गुरुवारी ऑफिसला जाताना बाजारामागच्या मिस्त्रीकडे धुवायला टाकतो, संध्याकाळी आणतो. आणि दर आठवड्याला काहीतरी नवीनच! आधी इंडिकेटर. मग आरसा. दर वेळी पैसे माझेच जातात! आता हे बघा. मिस्त्री म्हणतो, साहेब, तुमच्या पार्किंगमध्ये कुणीतरी मुद्दाम करतं. जळतात हो लोक!"

मी टाकीकडे बघितलं.

तीन रेघा. शेजारी शेजारी.

तुम्हाला सांगतो, माझा हात आपोआप कमरेला गेला आणि किल्ल्या शर्टाच्या आत! आता बोलायचं काय? मी तोंड उघडलं असतं तर घरात एक माणूस म्हणाला असता का, की बिचारा अजाणता आपटला? सगळे म्हणाले असते, धाकट्यांनी डूख धरला! सासरे मान हलवत म्हणाले, "जळणाऱ्या माणसाचा काही भरवसा नाही." आणि मी... मीही मान हलवली. सर्वांत जास्त हलवली!

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मिस्त्रीकडे. "अरे, लाज आहे का? एकाच आरशाचे पैसे माझ्याकडूनही आणि त्यांच्याकडूनही?"

त्यानं शांतपणे पाना पुसला. "शेठ, गाडीला आरसे दोन असतात."

आता चिडू की पायाखालची माती कपाळाला लावू? मी सव्वीस वर्षं धंदा करतोय, पण एकच बटण दोघांना विकायचं माझ्याच्यानं कधी जमलं नाही! त्यानंतर मी शिकायला गेलोच नाही... असं सांगायला आवडलं असतं. गेलो. आणि काय सांगू, त्या गुरुवारी गाडी पहिल्यांदा सरळ चालली! आपण कुणाच्या सीटवर बसलोय हे कळलं आणि पाठ आपोआप ताठ झाली, हात हलेनात, आठचा आकडा आठसारखा आला. विनाकारण चारदा हॉर्न वाजवला. साडूंचा हॉर्न! पण मी जळत नाही हं.

दोन महिन्यांनी साडूंनी जाहीर केलं, "विकतोय. ही गाडी मला लाभत नाही." मी काही बोलायच्या आत ही पुढे. "अहो, आपण घेऊ या की! ताईची गाडी आहे." हिचा चेहरा असा फुललेला मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. सासरे म्हणाले, "घरातली गाडी घरात राहील. पण धाकटे, तुम्ही व्यापारी माणूस. नात्याची भीड नको. नीट बघून, दर ठरवून घ्या."

आणि झालं! सगळं घर अंगणात. सासूबाई भिजल्या हातांनी बाहेर आल्या. मिस्त्रीलाही बोलावलेलं, गाडीची खात्री द्यायला. माझं "हे काय" सासरी सगळ्यांना ठाऊक, सगळे वाट बघत उभे. मी गाडीभोवती एक फेरी मारली. इंडिकेटर वाकडा. कुणी वाकवला? मी. आरशाला चीर, नवा म्हणून जुनाच बसवलेला. कुणी फोडला? मी. टाकीशी आलो. तीन रेघा. "हे काय" जिभेवर आलं, दातांपर्यंत आलं... आणि साडू म्हणाले, "एका हातची गाडी आहे हं! माझ्याशिवाय दुसरा माणूस बसलेला नाही. काय मिस्त्री?"

मिस्त्री आभाळाकडे बघत स्क्रू चघळत होता.

मी म्हटलं, "उत्तम आहे."

"अहो," ही हळूच म्हणाली, "त्या रेघा?"

"शोभतात."

सांगितला तो भाव, छदाम कमी न करता! म्हणजे बघा, रेघा ओढायचे पैसे दिले, रेघा बुजवायचे पैसे दिले, त्या बुजल्या नाहीतच, आणि मग त्याच रेघा पूर्ण भावानं विकत घेतल्या! साडूंनी मिठी मारली मला. "खरं सांगू? मला वाटायचं तुम्ही माझ्यावर जळता. माफ करा हो. मन मोठं आहे तुमचं!"

जाऊ द्या. म्हटलं, गेले पैसे तर गेले, फाटक तर उघडेल! पुढचा रविवार. ही मागे बसलेली, एक हात माझ्या खांद्यावर. कोपऱ्यावर वळलो. डुग् डुग् डुग्... आणि आतून आवाज! "मोठे जावई आले, मोठे जावई आले!" सासरे वाकले, कडी काढली, दोन्ही दारं सताड! मी आत. सासऱ्यांनी बघितलं. चष्मा काढून पुसून परत बघितलं.

"अरेच्चा... तुम्ही होय, धाकटे!"

मी दार लावायला वळलो, तर म्हणाले, "असू द्या, असू द्या उघडंच. मोठे येतायत ना." आणि मागे हॉर्न वाजला. मोटार! पांढरी. साडू आत बसून काच खाली करतायत, तीसुद्धा बटणानं. ती आत आली तर अंगण भरलं. सासरे मला म्हणाले, "धाकटे, तुमची जरा बाहेर लावता का? जागा नाही." मी माझी पहिलीवहिली मोटरसायकल ढकलत रस्त्यावर नेली. मागे वळून बघतो तर ही ताईशेजारी मोटारीत जाऊन बसलेली. काच वर, काच खाली, काच वर... आणि मला आतून हात हलवतेय!

मिस्त्रीचं तोंड बघायचं नाही अशी मी शपथ घेतली होती. सोमवारी गेलो. तो म्हणाला, "काय शेठ?"

"काही नाही. सहज. मोटार धुवायला साधारण किती वेळ लागतो हो?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तोंडातला स्क्रू काढला, खिशात ठेवला. "गुरुवार. नऊ ते पाच. तुटफूट तुमची."

उद्या गुरुवार. मी जळत नाही हं... किल्ल्या तेवढ्या या खेपेला घरी ठेवून जाणार आहे.